टोणगा

नंबर टाकायचाय म्हणून बोलावलं होतं.
मी एमएच चौदाचा स्टेन्सिल घेऊन भोसरीला गेलो
तर शेडमध्ये हे उभं:
चारशे सातचं डोकं, खाणीतल्या डंपरची चाकं,
आणि इंजिन कुठलं
ते युनूसभाई तांबोळींनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.
'आरटीओच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही हे,' ते म्हणाले,
'नंबर राहू दे. डोळे काढ.'

मी शिडी लावली.
ट्रकच्या मागे मोर काढणारा माणूस मी,
कमळ, लिंबू-मिरची, 'हॉर्न ओके' वगैरे.
डावा डोळा रागीट आला.
उजवा, का कोण जाणे,
गोठ्यातून बाहेर बघणाऱ्या जनावराचा.
'असू दे,' निवृत्ती फुगे म्हणाला,
'डावी बाजू पब्लिककडे करून एंट्री घेईन.'

नाव टोणगा.

मोशी, जुन्नर, बारामती, इस्लामपूर, एकदा थेट हुबळी.
पत्र्याचं कुंपण, चाळीस रुपये तिकीट,
पोरं बापांच्या खांद्यांवर,
आणि रांगेत भवानी पेठेतून आणलेल्या भंगार गाड्या,
काचा आधीच काढलेल्या.
टोणगा आधी नुसता गुरगुरायचा.
मग पुढची चाकं उचलायचा
आणि तेलाचा रिकामा डबा बसतो तशी
गाडी बसायची, एकदम.
बायका कानांवर हात ठेवून हसायच्या.

एक गोष्ट पब्लिकला माहीत नव्हती.
टोणगा रस्त्यावर कधी चालला नाही.
कागद नाहीत ना. जाईल तिथे ट्रेलरवर,
अंगावर ताडपत्री, चारी पायांना दोर.
नाशिक फाट्याच्या सिग्नलला
रिक्षा, पीएमटी, दुधाचे टेम्पो
हॉर्न मारत पुढे निघून जायचे
आणि तो वर, ताडपत्रीखाली, गप्प.

अकराव्या वर्षी, मोशीलाच,
खेळाआधी एक गृहस्थ कुंपणापाशी आले.
चष्म्याला दोरी, बोटाशी नातू.
'सहावी, पांढरी पद्मिनी. ती आमची.'
विकली होती, तक्रार काही नव्हती.
'डिकीत जॅकची दांडी राहिली असेल,' एवढंच.
निवृत्तीनं शोधली. नव्हती.
तरी दोघं बराच वेळ
त्या रिकाम्या डिकीत बघत राहिले.

त्या संध्याकाळी टोणगा पाच गाड्यांवरून गेला
आणि सहावीपाशी असा वळला
की मागचा अ‍ॅक्सल तुटला, कर्ण्याचा खांब आडवा झाला,
लोकांनी पैसे परत मागितले.
स्टिअरिंग जॅम झालं, असं निवृत्तीनं लिहून दिलं.
युनूसभाईंनी स्टिअरिंग उघडून पाहिलं,
पुन्हा बंद केलं,
आणि ग्रीसचे हात पुसत सगळ्यांना चहा सांगितला.

निरोप समारंभ झाला नाही.
ज्याची नोंदच नाही त्याला सेवामुक्त कोण करणार?
'टोणग्याला निवृत्ती मिळाली,' कुणीतरी विनोद केला.
निवृत्ती हसला नाही.
आता तो शाळेची बस चालवतो,
काटा चाळिसाच्या पुढे जाऊ देत नाही.

टोणगा चाकणच्या अलीकडे, हॉटेलसमोर,
सिमेंटच्या चौथऱ्यावर.
मिसळ खाऊन लोक बाहेर येतात,
पोराची उंची टायरशी मोजतात, फोटो काढतात.
मालक दर दिवाळीला मला बोलावतो.
यंदा म्हणाला, टायरवर लिहा,
'पार्किंग फक्त ग्राहकांसाठी.'
लिहिलं. अक्षर चांगलं आलं.
डावा डोळा उन्हानं उडाला होता,
तो पुन्हा रागीट केला.
उजव्याला हात लावला नाही.

शिडी उतरवत होतो तर पलीकडे बस थांबली, रिकामी.
निवृत्ती उतरला, खाकी कपड्यांत.
चारी चाकांना एकेक टिचकी मारली
कलिंगड वाजवून बघतात तशी,
कान जवळ नेऊन.
'हवा आहे,' म्हणाला.
मी म्हटलं, 'आहे.'
'मग ठीक.'